मागे बसणारे सात जण

मार्च 2024 मध्ये लष्कराच्या 693 बीएमपी-2 या, जवानांना लढाईत नेणाऱ्या चिलखती गाड्यांची शस्त्रप्रणाली नवी करायचा करार झाला, तेव्हा आमच्या निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसती दिवाळी होती. तोफ चालवणाऱ्या गनरला नेम धरायची नवी मेन साइट, कमांडरला चौफेर बघायची स्वतःची पॅनोरॅमिक साइट, रात्री बघायची सोय, लक्ष्य धरून ठेवणारा ऑटोमॅटिक ट्रॅकर, तोफेचा नेम साधणारी नवी फायर कंट्रोल सिस्टीम. कुणी तिरंगा टाकला, कुणी 'हमारे टाइम में मिलता तो' म्हणून हळहळला. आनंद मलाही झालाच. पण सगळे मेसेज वर-खाली करून वाचले, तर गाडीत मागे बसणाऱ्या सात जणांचं नाव कुणीच काढलेलं नव्हतं. खरं तर ग्रुपमधल्या जवळजवळ प्रत्येकाने नोकरीची पहिली वर्षं तिथेच, गुडघे छातीला लावून काढली आहेत.

मी मेकॅनाइज्ड इन्फंट्रीतून, म्हणजे चिलखती पायदळातून, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सुरुवात मागच्या बाकावरून, मग ड्रायव्हर, गनर, गाडी कमांडर, आणि शेवटी नगरला उस्ताद, म्हणजे शिकवणारा. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, कागदावर तसंच लिहितो. बोलताना मात्र नगरच येतं. आमच्या रेजिमेंटचं केंद्र इथेच. 2 एप्रिल 1979 ला जुन्या नावाजलेल्या पायदळी पलटणी एकत्र करून ही रेजिमेंट उभी राहिली, आणि त्यामागचं डोकं जनरल सुंदरजींचं. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात पाठ करायला लावतात. नागपूरजवळ कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे, त्यांच्याकडेही याच गाड्या. म्हणजे चिलखती पायदळ नेमकं काय करतं हे महाराष्ट्रातल्या माणसाला तरी ठाऊक असावं. प्रत्यक्षात मालगाडीवर चढवलेली बीएमपी दिसली, की लोक पोराला दाखवतात, 'तो बघ रणगाडा.'

रणगाडा नाही तो. रणगाडा स्वतः लढतो. बीएमपी दहा माणसं घेऊन जाते. तिघं गाडी लढवतात आणि सात जण योग्य जागी, योग्य क्षणी खाली उतरतात. टेकडी हातात आली असं रेडिओवर सांगायचं, तर त्या टेकडीवर कुणीतरी उभं असावं लागतं. तो उभा राहणारा या सातांपैकीच असतो. तोफ, क्षेपणास्त्र, चौदा टनांचं लोखंड, सगळं त्याला तिथपर्यंत जिवंत पोचवण्यासाठी.

पुढच्या तिघांसाठी जे येतंय ते हवंच होतं, त्यात वाद नाही. आमच्या वेळची गनरची रात्रीची साइट चांदण्यावर चालायची. चांदणं नसलं तर इन्फ्रारेड दिवा लावायचा, आणि तो लावला की समोरच्याच्या दुर्बिणीत आपणच टॉर्च धरल्यासारखे उभे. तोफेची गोळी दोन-चार किलोमीटर जाणार, पण अंधारात दिसणार काहीशे मीटर. तोफ जागी आणि डोळा झोपलेला, असा कारभार. कमांडरची स्वतंत्र साइट तर त्याहून मोलाची. गनर एका लक्ष्यावर गोळ्या घालत असताना कमांडर पुढचं शोधून ठेवतो आणि तोफ तिकडे वळवतो. हे मात्र यंत्र बसवलं म्हणून होत नाही. तेच दोघं महिनोन् महिने शेजारी बसले, एकमेकांच्या आवाजातला फरक ओळखायला लागले, म्हणजे होतं. 'दिसलं' आणि 'दिसलं!' यात फरक असतो.

आधीच्या बीएमपी-1 मध्ये तर कमांडर बुरुजात, म्हणजे वरच्या फिरत्या तोफेच्या घुमटात, नसायचाच. तो ड्रायव्हरच्या मागे बसायचा आणि बुरुजात गनर एकटा. एकाला दिसायचं, दुसऱ्याकडे तोफ. रशियनांनी बीएमपी-2 करताना बुरूज मोठा केला आणि दोघांना शेजारी बसवलं. माझ्या मते तोफ बदलण्याएवढीच ही सुधारणा मोठी होती. ड्रायव्हरमागे जी जागा रिकामी झाली तिथे एक जवान बसवला. सातवा तो. सहा जण मागच्या खणात, आणि हा एकटा पुढे, ड्रायव्हरच्या पाठीला, इंजिनाच्या शेजारी. कुणाला कंटाळा आला, झोप आली, भांडण झालं, याला काही कळत नाही. नवा पोरगा पलटणीत आला की ती जागा बहुतेक त्याच्याच वाट्याला येते.

मागच्या खणाचं सांगतो. मध्ये डिझेलची टाकी, तिच्या दोन्ही बाजूंना बाक, त्यावर तीन-तीन जण पाठीला पाठ लावून, तोंड पत्र्याकडे. समोर बाहेर बघायला एक पेरिस्कोप आणि बंदुकीची नळी बाहेर काढायला एक झरोका. मागचे दोन दरवाजेही पोकळ, त्यांतही डिझेल भरता येतं. प्रत्यक्ष लढाईआधी दारांतलं डिझेल पहिल्यांदा वापरून संपवायचं, हे ड्रायव्हरला शिकवतात. मागे बसणाऱ्याला हे कुणी सांगत नाही, पण त्याला माहीत असतं. मे महिन्यात बिकानेरकडे महाजन रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर, बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा गेला, की आत किती होतं ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. तोफ चालू झाली की धूर. आणि गाडी रानात उधळली, की पेरिस्कोपमधून बघणारा पाच मिनिटांत ओकतो. म्हणून कुणी बघतच नाही. सगळे डोळे मिटून बसतात.

ही गाडी रशियात 1980 च्या सुमारास आली, तेव्हाच्या सैनिकाच्या मापाने. त्याच्या अंगावर आजचं बुलेटप्रूफ जॅकेट नव्हतं. आजचा जवान जॅकेट, हेल्मेट, गोळ्या, पाणी, ग्रेनेड असा सगळा जामानिमा करून त्याच बाकावर बसतो. हरयाणाचा सहाफुटी पोरगा आत कसा बसतो हे एकदा बघावं. माझ्या हाताखालचा एक जण जॅकेट काढून मांडीवर घेऊन बसायचा आणि उतरायच्या वेळी घालायचा. मी त्याला रागावायचो, पण दुसरी कुठली तऱ्हा मला तरी कुठे सुचत होती.

आता उतरायचं. या एका मिनिटासाठी सगळा खटाटोप असतो, आणि शिकवताना याच मिनिटाला सगळ्यात कमी वेळ मिळतो.

तुम्ही अर्धा तास पत्र्याकडे तोंड करून अंधारात बसलाय. गाडी किती वेळा वळली ते कळलेलं नाही. एकदम थांबते, दार उघडतं, तुम्ही बाहेर उडी मारता. समोर काय दिसतं? तुम्ही जिथून आलात ते रान. शत्रू गाडीच्या पलीकडे, म्हणजे तुमच्या पाठीमागे. डोळे उन्हाने दिपलेत, आपल्याच गाडीची धूळ तोंडावर, डोक्यावर तीस मिलिमीटरची तोफ धडधडतेय. अशा वेळी शहाणासुरता माणूस सरळ पुढे पळतो. म्हणजे उलट्या दिशेला. एका सरावात एक अख्खं सेक्शन, म्हणजे गाडीतून उतरणारी तुकडी, दारातून निघालं आणि मोठ्या जोशात, घोषणा देत, आपल्याच मागून येणाऱ्या गाड्यांवर चाल करून गेलं. त्यांना हसणं सोपं आहे. आतून त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

त्यामुळे मी उस्ताद असताना एकच हट्ट धरायचो. दार उघडण्याआधी कमांडरने तीन गोष्टी ओरडून सांगायच्या: दुश्मन किती वाजता, किती लांब, आणि उतरून कुठे जमायचं. 'दुश्मन दो बजे, तीन सौ, बायें नाला.' बस. घड्याळातले बारा म्हणजे गाडीचं नाक. तोफेचं तोंड नव्हे! तोफ फिरत असते. कमांडर बुरुजात बसतो, बुरुजाबरोबर तोही फिरतो, आणि त्याचे बारा वेगळेच वाजतात. चांगले चांगले इथे घोळ घालतात. म्हणून कमांडरकडून सुकी तालीम करून घ्यायची: बुरूज फिरवून ठेवायचा, साइटमधून एक झाड दाखवायचं, आणि गाडीच्या नाकापासून ते किती वाजता आहे ते लगेच सांगायचं. फुकटातलं प्रशिक्षण आहे. एक गोळी लागत नाही, एक लिटर डिझेल लागत नाही.

ड्रायव्हरचीही एक तालीम आहे. त्याला मागचं दिसत नाही. माणसं उतरली आणि त्याने आड घ्यायला गाडी मागे घेतली तर काय होईल ते लिहायची गरज नाही. शेवटच्या माणसाने उतरल्यावर पत्र्यावर दोनदा थाप मारायची, ती कमांडरपर्यंत पोचली पाहिजे, आणि त्याने सांगितल्याशिवाय रिव्हर्स नाही. तोफ चालू असताना थाप ऐकू येत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. इथे मुद्दा उपकरणाचा येतो. साधा एक हेडसेट, लांब तारेवर किंवा बिनतारी, सेक्शन कमांडरच्या, म्हणजे उतरणाऱ्यांच्या म्होरक्याच्या, कानाला हवा, उतरल्यावरसुद्धा गाडीशी बोलता येईल असा. बुरुजातल्या दोघांना आणि ड्रायव्हरला टोपीतल्या हेडसेटमधून बोलता येतं. मागच्यांनी कमांडरचे बूट बघून अंदाज बांधायचा, हे आता बास झालं.

परदेशातल्या नव्या गाड्यांमध्ये मागच्या खणात पडदा असतो. कमांडरला जे दिसतं ते मागच्यांनाही दिसतं. माणूस उतरतो तेव्हा त्याला नाला ठाऊक असतो, झाड ठाऊक असतं. ज्या देशात पोरं बसमध्ये मोबाइलवर क्रिकेट बघतात तिथे सात इंचाचा पडदा बसवणं अवघड नसावं. जर्मनांच्या प्यूमामध्ये आसनं जमिनीला टेकवलेलीच नाहीत. खाली सुरुंग फुटला तर हादरा थेट कण्यात जात नाही. बीएमपीचा तळ पातळ आहे, कारण तिला पाण्यावर तरंगायचंय. अफगाणिस्तानात रशियन सैनिक आत बसायचंच टाळायचे, वर टपावर बसून जायचे. सुरुंगापेक्षा गोळी बरी असा त्यांचा हिशेब होता. जी गाडी आत बसायला बनवली तिच्यावर माणसं बाहेर बसायला लागली, की बनवणाऱ्याने समजून घ्यायचं.

आपल्याकडे असं काही होत नाही असं नाही. नगरमध्येच व्हीआरडीई आहे, डीआरडीओची वाहनांची प्रयोगशाळा. आठ चाकांची व्हॅप तिथे आणि टाटांकडे मिळून घडली. तिच्यात मागच्या माणसाचा विचार सुरुवातीपासून केलेला आहे, आणि आता मोरोक्कोनेही ती घेतलीय. पण चाकांची गाडी सगळीकडे जात नाही, आणि चाकांऐवजी बीएमपीसारखी साखळीपट्ट्यावर धावणारी नवी गाडी, ती 'फ्युचर' नावाची, आम्ही नोकरीत असल्यापासून 'येणार' आहे. तोवर हीच बीएमपी. 2020 मध्ये 156 नव्या घ्यायचं ठरलं तेव्हाही मेदकच्या कारखान्यातून याच मापाच्या आल्या. म्हणजे आज भरती झालेला पोरगा याच बाकावर बसणार. मग बाकाचाच विचार करा ना.

दारूगोळा भरताना मात्र सगळ्यांना सातांची आठवण बरोबर येते. तोफेच्या पाचशे गोळ्या. एकेक पाऊण किलोच्या वर, म्हणजे सगळ्या मिळून चारशे किलोहून जास्त. पट्ट्यात गोळ्या लावायच्या, पट्टा न पिळवटता बुरुजाच्या तळाशी पेटीत घड्या घालून बसवायचा. चिलखत भेदणाऱ्यांचा पट्टा वेगळा, फुटणाऱ्यांचा वेगळा. कडी चुकीच्या बाजूने लागली तर ऐन वेळी तोफ अडकते आणि मग सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. तिघांनी करायला घेतलं तर सकाळ जाते. सात जण साखळी करून उभे राहिले आणि त्यांना कडी लावायची रीत शिकवलेली असली, तर वेळ निम्म्यावर येतो. वेगाच्या बटणावर ठेवली तर हीच तोफ त्या पाचशे गोळ्या एका मिनिटाच्या आत संपवते. तेव्हा पुन्हा भरणं हा काही किरकोळ मुद्दा नाही. माझं म्हणणं एवढंच की मागच्या प्रत्येकाला पट्टा भरता आला पाहिजे आणि निदान दोघांना तोफ चालवता आली पाहिजे. गनर जखमी झाला तर बुरूज रिकामा ठेवणार का?

ते का होत नाही, तेही सांगतो. क्रू ठरलेला असतो, त्यांच्या नावापुढे गाडीचा नंबर असतो, त्यांना सहसा कुणी हात लावत नाही. मागचे सात मात्र कुणाचेच नसतात. गार्ड ड्यूटी लागली, काढा मागचे. लंगरला माणूस पाहिजे, काढा मागचा. साहेबांच्या बंगल्याजवळ गवत वाढलंय, आहेतच की. सरावाला निघताना दुसऱ्याच गाडीतले चार जण भरून सात पुरे करायचे आणि पुढे निघायचं. ज्यांनी एकमेकांबरोबर कधी दार उघडलं नाही ते युद्धात एकत्र उतरतील अशी आशा. आता अग्निवीर आल्यापासून हा प्रश्न जास्त टोचायला लागलाय. चार वर्षांत पोरगा ड्रायव्हिंग शिकेल, गनरी शिकेल, पण दोन्ही मुरायला वेळ लागतो, आणि मुरेपर्यंत चारातल्या तिघांचा निरोप समारंभ. योजना चांगली की वाईट, या वादात मी पडत नाही, घरात दोन्ही मतांचे लोक आहेत. पण चारच वर्षं हातात असतील तर त्यातला एक दिवसही गवत कापण्यात घालवू नये, इतकं तरी सगळ्यांना पटावं.

पाण्याचं एक राहिलं. बीएमपी पोहते, ताशी सात किलोमीटरने. लाटा अडवणारी पुढची फळी उभी करायची, पाणी उपसायचे पंप चालू करायचे, सगळी झाकणं तपासायची, मग उतरायचं. ड्रायव्हरला हे झोपेत येतं. पण पाण्यात असताना मागचे दरवाजे उघडायचे नसतात. काही बिघडलं तर बाहेर पडायची वाट छतातल्या झाकणांतून. जीवरक्षक जॅकेट, त्याखाली दुसरं जॅकेट, अंधार, आणि वर एक झाकण जे तुम्ही कधी बसल्या जागेवरून उघडून पाहिलेलं नाही. जून 2024 मध्ये लडाखला श्योक नदीत सरावाच्या वेळी रात्री पाणी एकाएकी वाढलं आणि टी-72 रणगाड्यामधले पाच जण गेले. ती गाडी वेगळी, प्रसंग वेगळा. पण नदी कशी वागते हे पुन्हा सगळ्यांना कळलं. सात जणांनी डोळ्याला पट्टी बांधून वरच्या झाकणातून बाहेर यायची तालीम दर वर्षी झालीच पाहिजे. कोरड्या जमिनीवर, शेडमध्येसुद्धा चालेल.

जागेची अडचण खरी आहे. नगरजवळचं आमचं सरावाचं मैदान, के. के. रेंज, म्हणजे खारे कर्जुने. मी पारनेरचा, त्यामुळे तोफांच्या आवाजाने खिडक्या थरथरतात हे मला भरती व्हायच्या आधीपासून माहीत. नगर, पारनेर, राहुरी तालुक्यांतल्या गावांना जमीन जाणार-जाणार या चिंतेत राहायची सवय झालीय. माझ्या चुलत्यांची विहीर त्याच पट्ट्यात आहे. वर्दीत असताना मला रेंज लहान वाटायची आणि सुट्टीवर घरी आलो की मोठी. चार किलोमीटर जाणारं क्षेपणास्त्र सोडायला मोकळं रान लागतं, आणि क्षेपणास्त्र महाग असल्याने खरं सोडायची संधी गनरला क्वचितच मिळते. वीसेक सेकंद ते हवेत असतं, तेवढा वेळ लक्ष्यावरून काटा हलू द्यायचा नाही. त्यासाठी सिम्युलेटर आले ते उत्तम झालं. गनरचा सिम्युलेटर, ड्रायव्हरचा सिम्युलेटर. मागच्या सातांचा मी तरी कुठे पाहिला नाही.

तो बनवायला फार काही लागणार नाही. आयुष्य संपलेली एक बीएमपी घ्यायची, इंजिन काढून टाकायचं, शेडमध्ये ठोकळ्यांवर ठेवायची. आत स्पीकर लावून तोफेचा आणि साखळीचा आवाज सोडायचा, थोडा धूर. सात जणांना पूर्ण सामानासकट बसवून दरवाजे लावायचे. शेड अशी हवी की गाडी फिरत्या तक्त्यावर हळूच कुठेही वळवता येईल, म्हणजे आतल्यांना दिशेचा पत्ता लागणार नाही. अर्ध्या तासाने कमांडरने वेळ, अंतर, जागा ओरडायची आणि दार उघडायचं. बाहेर पडून सातही जण ठरल्या जागी किती सेकंदांत पोचतात ते बघायचं. नाही जमलं तर परत आत. दुपारी त्याच गाडीत पट्टा भरायचा आणि छतातून निघायची तालीम करायची.

हे मी ग्रुपवरही टाकलं. दोघा-तिघांनी अंगठे दिले. एक जुना ड्रायव्हर, आता राहुरीला ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्याने फोन केला. फिरता तक्ता कसा करायचा ते त्याने डोक्यात पक्कं केलं होतं: जुन्या क्रेनचं बेअरिंग, खाली चॅनेल, ढकलायला दोन माणसं. चौदा टन पेलेल का, विचारलं. म्हणाला, इंजिन काढल्यावर तेवढे राहतात कुठे. पुढच्या रविवारी तो कागदावर आकृती काढून आणणार आहे. नीट जमली तर इथेच लावीन.